पाऊस उघडल्यावर गळणारा कंटेनर आणि दर ऑगस्टला अडकणारं दार

आधी लक्षण सांगतो, तुमचंही हेच असेल तर पुढं वाचा. पाऊस उघडून पंधरा दिवस झालेत, आभाळ निरभ्र, रात्री मस्त गारवा, आणि पहाटे कंटेनरचं दार उघडलं की छताला आतल्या बाजूनं पाण्याचे थेंब ओळीनं लोंबतायत. दार जरा जोरात ओढलं तर अंगावर चक्क सर येते. वरची पोती ओली, खताच्या गोण्यांचे ढेकळं झालेले, पान्हे-पक्कड लाल. दहा वाजेपर्यंत ऊन तापलं की सगळं गायब, कुणाला दाखवायला न्यावं तर म्हणणार कुठाय गळती. आणि गंमत अशी की जुलैत चार-चार दिवस पाऊस कोसळत असतो तेव्हा हे टपटपणं जवळजवळ नसतंच, तेव्हा नुसता कुबट वास आणि बुरशी.

आमचा कंटेनर भोरच्या पुढं आहे, नीरा देवघरच्या बॅकवॉटरच्या वरच्या अंगाला, उतारावर. जहाजावरून माल नेतात तसला, २० फुटी, जुना, उरणकडच्या एका यार्डातून आणलेला. भात, खत, पंप, पाइपा ठेवायला. दोन वर्षं मी हा प्रॉब्लेम चुकीच्या टोकानं धरला आणि त्यात बरेच पैसे घालवले, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिल्या वर्षी मला वाटलं छताला भोक आहे. छतावर डांबराची शीट चिकटवून घेतली, कड्यांना सिलिकॉन मारलं, आणि वरच्या कोपऱ्यांत बाहेरून त्या छोट्या प्लास्टिकच्या डब्या असतात ना, व्हेंटच्या, त्यातून पाऊस शिरत असेल म्हणून त्याही भरून टाकल्या. त्या दिवाळीत पाणी डबल. शेजारचे तात्या आले, छताला हात लावला, ओला हात धोतराला पुसला आणि म्हणाले, "अरं गळत न्हाई ह्ये, घाम आलाय त्याला." मी म्हटलं, "तात्या, लोखंडाला कसला घाम?" ते काही बोलले नाहीत, तंबाखू मळत निघून गेले. एक अख्खं वर्ष मी त्यांचं ऐकलं नाही.

तर गळती की घाम हे आधी ठरवा, त्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. मला तीन गोष्टींनी कळलं. एक म्हणजे भर दुपारी आत जाऊन दारं बाहेरून कुणालातरी लावायला सांगायची (माणूस विश्वासातला बघा) आणि पाच मिनिटं डोळे सरावू द्यायचे. भोक असेल तर चांदणीसारखं चमकतं, सुईच्या टोकाएवढं असलं तरी दिसतं, खडूनं गोल करायचा. दुसरं, वेळ लिहून ठेवायची. धो धो पावसात एकाच जागी पाणी येतंय तर ती गळती, कोरड्या थंड रात्रीनंतर पहाटे सगळ्या छताला सारखे थेंब आहेत तर तो घाम. तिसरी युक्ती मला सगळ्यात आवडली, साधा प्लास्टिकचा दोन बाय दोन फुटाचा तुकडा छताला आतून चारही कडांनी टेपनं चिकटवायचा, अगदी पत्र्याला टेकून, आणि सकाळी बघायचं. पाणी प्लास्टिक आणि पत्रा यांच्या मध्ये असेल तर ते वरून येतंय, आणि प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील तर ते तुमच्या आतल्या हवेतूनच येतंय. माझ्याकडं खालच्या बाजूला. असाच तुकडा जमिनीच्या प्लायवूडवर चिकटवला तर खालून ओल चढतेय का तेही कळतं, माझ्याकडं तीही चढत होती.

आता हे होतं कशामुळं. छत म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरचा पत्रा. निरभ्र रात्री तो आपली उष्णता सरळ आभाळाकडं फेकतो आणि बाजूच्या हवेपेक्षाही गार पडतो. गवतावर दहिवर पडतं तेच, फक्त इथं आतूनही पडतं. ढग असले की ते पांघरुणासारखं काम करतात आणि पत्रा तेवढा गार होत नाही, म्हणून जुलैत टपटप कमी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोरात. आपल्या डोंगरात त्याच वेळेला जमीन ओली असते, दिवसा कडक ऊन असतं, रात्री गारठा, आणि नेमकं तेव्हाच भात काढून आत भरलेलं असतं. सगळा योग जुळून येतो.

मी साधं हवामान मीटर आणलं, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं. त्यावरून अंदाज काढायची सोपी रीत आहे, शंभरातून आर्द्रता वजा करायची, पाचनं भागायचं आणि जे येईल ते तापमानातून वजा करायचं. आत २२ अंश आणि ९० टक्के असेल तर दहा भागिले पाच दोन, म्हणजे पत्रा २० अंशाच्या खाली गेला की घाम सुटणार. आर्द्रता पन्नासच्या वर असेल तर हे गणित बऱ्यापैकी जमतं, आणि आपल्याकडं पन्नासच्या खाली असतेच किती दिवस.

बाजारात याच्यावर उपाय म्हणून ओलावा शोषणाऱ्या पिशव्या विकतात, कॅल्शियम क्लोराइडच्या, पण त्या समुद्रावरच्या एका फेरीपुरत्या असतात, बंद दाराआड. आपण रोज दोनदा दार उघडतो, चार दिवसात पिशवीत पाणी भरून बसतं. आणि आत मावलेल्या हवेत पाणी असतंच किती? २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर हवा. २५ अंशाला पूर्ण ओली हवा घनमीटरमागे २३ ग्रॅम पाणी धरते, १५ अंशाला १३ च्या आसपास. म्हणजे सगळा फरक छताला जमला तरी पाव ते अर्धा लिटर. माझी तर बादली भरायची! मग बाकीचं कुठून आलं? भातातून. एक टन भात १८ टक्के ओलाव्याचं आत टाकलं आणि ते वाळत वाळत १४ वर आलं तर त्यातून चाळीस लिटरच्या वर पाणी हवेत जातं, आणि हवेतून छताला आणि छतावरून परत पोत्यावर. हे गणित केल्यावर मी डोक्याला हात लावला. तात्यांच्या घरी कणगी आहे, बांबूची, शेणानं सारवलेली, तिच्यात इंद्रायणी वर्षानुवर्षं नीट राहतं कारण ती सगळ्या बाजूनं श्वास घेते. कंटेनरचं उलटं, दाराला रबर, सगळीकडं वेल्डिंग, समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून बनवलेली पेटी आहे ती. बाहेरचं आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही.

दुसरं एक पाण्याचं कारण मला फार उशिरा कळलं. त्या वर्षी लावणीला आलेले गडी पावसात आतच गॅसवर स्वयंपाक करायचे. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफेच्या रूपानं तयार होतं, भाताची वाफ वेगळीच. शिवाय बंद पेटीत शेगडी पेटवणं जिवाला धोक्याचं, ते आता पूर्ण बंद केलंय, चूल बाहेरच्या पडवीत.

दुसऱ्या वर्षीची चूक याहून महाग. एका फॅब्रिकेटरनं सांगितलं इन्सुलेशन करा, म्हणून थर्माकोलच्या शीट आणि त्यावर प्लाय ठोकून घेतला. दिसायला एकदम रूम झाली. सहा महिन्यांनी वास यायला लागला, एक प्लाय काढून बघतो तर मागं काळी बुरशी आणि पत्र्यावर गंजाचे पापुद्रे. कंटेनरच्या भिंती नागमोडी असतात, सपाट शीट तिथं बसतच नाही, मागं पोकळी राहते, दमट हवा फटीतून तिकडं पोचते आणि गार पत्र्याला लागून पाणी होतं, फक्त आता ते तुम्हाला दिसत नाही. इन्सुलेशन करायचंच असेल, म्हणजे आत माणसं राहणार असतील, तर पत्र्याला थेट चिकटणारा बंद पेशींचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम फवारून घ्या, आणि तो पेट घेतो म्हणून त्यावर न जळणाऱ्या बोर्डचं आवरण पाहिजेच. नुसत्या गोदामाला याची गरज नाही असं माझं मत झालंय.

गोदामाला काय चाललं ते सांगतो. सगळ्यात मोठा फरक पडला दुसऱ्या छपरानं. चार कोपऱ्यांच्या खांबांवर पाइपाची फ्रेम उभी केली आणि कंटेनरच्या छतापासून दीड फूट वर पत्रा टाकला, दाराकडं तीन फूट बाहेर काढला. आता रात्री आभाळाला तोंड देतो तो वरचा पत्रा, दहिवर त्याला पडतं, कंटेनरचं छत उबदार राहतं. दिवसाही सावली मिळते. वेल्डिंग फक्त कोपऱ्यांच्या खांबांना आणि जाड लोखंडाला, छताच्या पातळ पत्र्याला चुकूनही नको, तिथं भोक पाडलं की खरी गळती स्वतःच्या हातानं केली. म्हणूनच छतावर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर बसवायला मी नाही म्हटलं, आमच्याकडच्या पावसात छताला जेवढी भोकं कमी तेवढं बरं. आणि वारा विसरू नका, खिंडीतून येणारा वारा पत्रा उचलतो, आमचा एक कोपरा पहिल्याच जूनमध्ये फडफडायला लागला, मग फ्रेमला तिरपे आधार देऊन खालच्या कॉंक्रीटला बांधली.

त्यानंतर हवा. कंपनीच्या त्या डब्या आतला-बाहेरचा दाब सारखा ठेवायला असतात, त्यांच्या भरवशावर हवा खेळत नाही. पण भरू मात्र नका, मी भरलेल्या परत उकरल्या. एका लांब भिंतीला खाली आणि समोरच्या भिंतीला वर, अशा दोन-दोन झडपा कापून घेतल्या, प्रत्येकी साधारण दीड बाय एक फूट, चौकट वेल्ड करून, वरून पत्र्याची छोटी टोपी, आतून बारीक जाळी. जाळी उंदरांसाठी, आणि उंदरांच्या मागून येणाऱ्यांसाठी. धुकं दाटलेलं असतं तेव्हा बाहेरची हवाच शंभर टक्के ओली असते, तेव्हा झडपा उघड्या ठेवून काही वाळत नाही. श्रावणात ऊन पडलं की उघडायच्या आणि दसऱ्यानंतर कायम उघड्या.

जमिनीतून चढणारी ओल बंद करायला खाली जाड प्लास्टिक अंथरून वर खडी टाकली आणि वरच्या अंगाला चर खणला, डोंगराकडून येणारं पाणी कंटेनरच्या पोटाखालून न जाता बाजूनं जावं म्हणून. कंटेनर जमिनीपासून किमान फूटभर उंच पाहिजे, आमचा पुढून दीड आणि मागून फूट आहे, आत वाकून बघता येतं.

याच उंचीवरून दाराचा विषय. तिन्ही वर्षं ऑगस्टमध्ये आमचं डावं दार अडकायचं. दांडा उचलला जायचा, फिरायचा, पण दार येईना, मग दोघांनी ओढायचं, पहारीनं चेपायचं, ग्रीस फासायचं. बिजागऱ्या गंजल्या असतील म्हणून वेल्डरला बोलावलं तर तो बिजागरी कापायलाच निघाला. बिजागरीचा काही दोष नव्हता. कंटेनरचं सगळं वजन चार कोपऱ्यांच्या खांबांवर येतं, त्यातला एक कोपरा जरी खचला तरी अख्खी पेटी पिळवटते, दाराची चौकट चौकोनी राहत नाही, आणि दारं रबरासकट इतकी घट्ट बसवलेली असतात की थोडासा पीळसुद्धा त्यांना सहन होत नाही. बघायचं असेल तर दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. आमच्यात तेव्हा जवळजवळ दोन सेंटिमीटरचा फरक होता.

कोपरा खचतो का, तर उतारावर जागा करताना आपण वरची माती कापून खाली ढकलतो आणि सपाट करतो. मागचे दोन कोपरे कापलेल्या घट्ट मुरुमावर आणि पुढचे दोन भरावावर. दिसायला जागा एकसारखी. पहिल्या दोन-तीन पावसात भराव बसतो आणि पुढचा एक कोपरा सगळ्यात जास्त. मी आधी तर खाली नुसते चिरे ठेवले होते, ते कोपऱ्याच्या वजनानं मातीत रुतले.

दुरुस्ती अशी केली. कंटेनर रिकामा केला, नुसती पेटी सव्वादोन टनांच्या आसपास असते. मिस्त्रीनं पाणी भरलेली लेव्हल नळी चारही कोपऱ्यांना लावून सगळ्यात खालचा कोपरा शोधला, डावा पुढचा. कोपऱ्याजवळ जाड लाकडाचा ओंडका, त्यावर बॉटल जॅक, आणि जॅक कोपऱ्याच्या त्या भोकं असलेल्या लोखंडी ठोकळ्याखाली, मधल्या पातळ पट्ट्यांखाली नाही. एकदम उचलायचं नाही, थोडं उचललं की लगेच खाली ठोकळा सारायचा आणि कुणीही पोटाखाली हात घालायचा नाही. कर्ण सारखे येत गेले तसं दार आपोआप सैल झालं, शेवटी एका हातानं उघडलं तेव्हा मिस्त्री माझ्याकडं बघून हसला, तीन वर्षं पहार मारत होतात म्हणे. मग पुढच्या दोन्ही कोपऱ्यांखाली भराव पार करून खालच्या मूळ मुरुमापर्यंत खड्डे नेले, तिथून कॉंक्रीटचे पाये वर आणले, वर लोखंडी प्लेट. थोडा फरक राहिला तर पातळ प्लेटा सारून भागतो.

हो, आणि मागच्या भिंतीला डोंगराची माती टेकवू नका. जागा वाचते म्हणून बरेच जण टेकवतात. ती भिंत मातीचा रेटा धरायला केलेली नाही, ती आत फुगते आणि ओलीनं सडते. मध्ये माणूस जाईल एवढी फट ठेवा.

ज्यांनी अजून घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. रंग बघून घेऊ नका, खाली वाकून आडव्या पट्ट्या बघा, हातोडीनं ठोका, टणटण आवाज पाहिजे, भदभद आला तर गंज आत गेलाय. आत शिरून दार लावून वास घ्या, केमिकलचा वास असेल तर धान्यासाठी सोडून द्या. दारावर एक धातूची पाटी असते, तिच्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं, आणि बऱ्याचदा जमिनीच्या लाकडी फळीला कीटकनाशकाची प्रक्रिया केल्याची नोंदही, म्हणून धान्याची पोती थेट फळीवर नको, फळ्यांच्या मांडणीवर. कंटेनर नंबर, चार अक्षरं आणि सात आकडे, शेवटचा आकडा चौकटीत, त्याचा फोटो काढून बिलावर तोच नंबर लिहून घ्या. मी पसंत केला एक आणि ट्रकवर आला दुसरा, रात्री अकरा वाजता भोरमध्ये, तेव्हा परत पाठवायची हिंमत झाली नाही. यार्डवाल्यानं दोनशे रुपयेसुद्धा कमी केले नाहीत.

वाहतूक म्हणाल तर ४० फुटी आमच्या रस्त्याला विसरा. २० फुटी पण लांब ट्रेलरवर टाकून पाठवतात, तो कापूरहोळपर्यंत मजेत येतो आणि भोरच्या पुढं वळणांवर अडकतो, आधीच सांगून छोट्या गाडीवर मागवा. गाडीवर ठेवल्यावर उंची तेरा-चौदा फूट होते, वाटेतल्या विजेच्या तारा आणि आंब्याच्या फांद्या आदल्या दिवशी जाऊन बघा. हायड्रावाला, म्हणजे क्रेनवाला, म्हणेल पंधरा टनाची आहे, सव्वादोन टन म्हणजे किस झाड की पत्ती, पण बूम, म्हणजे क्रेनचा हात, लांब केला की ताकद भराभर कमी होते आणि हायड्रा आडव्या उतारावर पलटी होते. तिला उभी राहायला सपाट, टणक जागा आधी करून ठेवा. वाहतूक आणि हायड्रा मिळून मला कंटेनरच्या निम्म्या किमतीएवढा खर्च आला. आणि हे सगळं मेच्या आत उरका, पावसाळ्यात वरंध घाटाच्या बाजूला जड गाड्या बंद करतात. महाबळेश्वर-पाचगणीकडं जागा असेल तर तो भाग २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, पाया नाही म्हणजे परवानगी नको असं गृहीत धरू नका, आधी तहसीलला विचारा.

सध्याची स्थिती, छपरानंतरच्या पहिल्या दिवाळीत छताला थेंब दिसले ते एकाच पहाटे, तेही दाराजवळ. डावं दार या ऑगस्टला थोडं कुरकुरलं, चार मिलिमीटरची प्लेट सारली, गप्प झालं.

मागच्या आठवड्यात तात्या आले, कणगी भरली म्हणून दहा पोती तुझ्या पेटीत टाकतो म्हणाले. मी गिरणीवाल्याकडून ओलाव्याचं मीटर आणलं होतं, लावलं तर सोळा. त्यांनी तोवर चार दाणे तोंडात टाकून चावले होते.

"कट्ट वाजत न्हाई अजून," तेच म्हणाले.

"मग दोन दिवस ऊन दाखवा तात्या, परवा मी स्वतः ट्रॉली घेऊन येतो."